सिलनेमचा आवाज

सिलनेमताईची सही आणायला मला पाठवलं, कारण पुण्याच्या ऑफिसात तिला ओळखणारी मी एकटीच उरले होते. काम चार दिवसांचं. विमानानं इंफाळ, तिथून जीपनं उत्तरेकडच्या डोंगरात, सही घ्यायची आणि परत यायचं.

"चहा पी, फोटो काढ आणि ये," जयकर म्हणाला. जयकर आमच्या 'बोलसाथी' प्रकल्पाचा प्रमुख. मी त्याच्या हाताखालची भाषा-अभियंता, शर्वरी खांबेटे.

ही गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालची. बोलसाथी तोवर देशभर पोचला होता. सुपारीएवढं यंत्र, कॉलरला अडकवायचं. डॉक्टर हिंदीत बोलला की पेशंटला त्याच्या भाषेत ऐकू येणार, पेशंट बोलला की डॉक्टरला हिंदीत. शाळेत, रेशनच्या दुकानात, पोलीस चौकीत, सगळीकडे हेच. यंत्राला प्रत्येक भाषेसाठी एका खऱ्या माणसाचा आवाज लागे, आणि कायदा असा होता की त्या माणसाची संमती दर सहा वर्षांनी नव्यानं घ्यायची. सही मिळाली नाही तर तीस दिवसांत आवाज पुसून टाकायचा.

कोइरेंग भाषेचा आवाज सिलनेम कोइरेंग या शाळामास्तरणीचा होता. मणिपूरच्या डोंगरात विखुरलेली कोइरेंग मंडळी सगळी मिळून तीन-चार हजार. आजूबाजूला त्यांच्या भाऊबंद जमाती: आयमोल, कोम, पुरुम, खरम, चिरू. भाषा एकमेकींच्या बहिणी शोभतील अशा. सहा वर्षांपूर्वी सिलनेमताई तीन महिने पुण्यात राहिली आणि आमच्या काचेच्या खोलीत बसून एक्केचाळीस तास बोलली. त्या तीन महिन्यांत तिनं भाजीवाल्याशी भांडण्याइतकं मराठी उचललं. 'आवाज' हा शब्द मात्र ती हिंदीसारखा स्त्रीलिंगीच वापरायची. तिच्या बोलण्यात मी तो पुढेही तसाच ठेवला आहे. दुरुस्त करण्याचा मला हक्क नाही असं आता वाटतं.

जीपमधून उतरले तर ती रस्त्यावरच उभी होती. सत्तावन्न वर्षांची, बुटकी, ताठ. तिनं घरी नेलं, बिनदुधाचा लाल चहा दिला. मी टॅब्लेट काढून संमतीपत्र उघडलं.

"ते ठेव आत," ती म्हणाली. "आधी दवाखान्यात चल. ऐकवायचंय."

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. तिथली नर्स दामरिस ही सिलनेमताईची मुलगी, सव्वीस वर्षांची. एका बाईच्या दंडाला पट्टी बांधत होती. तिच्या कॉलरवरचं यंत्र बोलत होतं, आणि आवाज हुबेहूब सिलनेमताईचा होता. मला अभिमान वाटला, खरं सांगते. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आत्ता जे वाक्य बोलली ना मशीन, त्यात सात शब्द. त्यातले चार मी आयुष्यात कधी बोलले नाही. माझ्या आईनं बोलले नाहीत. मग माझी आवाज ते कुठून आणते?"

मला उत्तर माहीत होतं. ते मीच लिहिलं होतं.

एक्केचाळीस तासांत माणूस बोलून बोलून किती शब्द बोलणार? सिलनेमताईचे वेगवेगळे शब्द भरले तीन हजार शंभर. दवाखाना-शाळा चालवायला लागतात निदान अकरा हजार. उरलेले कुठून आणायचे? बहिणींकडून. आयमोल किंवा कोममध्ये जिथे अमुक ध्वनी येतो तिथे कोइरेंगमध्ये तमुक येतो, असे नियम यंत्र स्वतः शोधून काढतं. मग बहिणीचा शब्द उचलायचा, त्याचे ध्वनी त्या नियमांनी बदलायचे आणि कोइरेंग म्हणून बोलायचा. ऑफिसात आम्ही त्यांना सावली-शब्द म्हणत असू. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, याचंच आम्हाला कौतुक.

मराठीचं उदाहरण घ्या. उद्या मराठी माहीत नसलेलं यंत्र हिंदीवरून मराठी बनवू लागलं तर ते शाळेच्या फलकावर 'मुलांना उत्तम शिक्षा द्या' असं बिनदिक्कत लिहील. व्याकरण बिनचूक असेल, उच्चारही बिनचूक असेल, आणि अर्थ छडीचा असेल.

हे सगळं मी तिला दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितलं. दामरिस दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे अकरातले आठ खोटे," सिलनेमताई म्हणाली.

"खोटे असं नाही. अंदाज."

"अंदाज असेल तर मशीन 'अंदाज आहे' म्हणते का?"

"नाही."

"माझी आवाज घेऊन म्हणते. खात्रीनं म्हणते." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. रागानं नव्हे, मी उठून जाऊ नये म्हणून. "आता पुढचं ऐक."

पुढचं होतं होइथिंग आजीचं. त्यांच्यात आजीला पी म्हणतात, तेव्हा पी होइथिंग. वय एक्याण्णव. सिलनेमताईची आत्या. आई लवकर गेल्यावर तिनंच सिलनेमताईला वाढवलं. गेल्या वर्षी पी दवाखान्यात आली होती, पाठीचं दुखणं घेऊन. त्यांच्या भाषेत क्रियापदाला दिशा चिकटते: वरून खाली, उतारावरून चढाला, नदीकडून घराकडे. पीनं दुखणं कुठून निघून कुठे जातं ते अशा एका जुन्या क्रियापदात सांगितलं. यंत्राला ते ठाऊक नव्हतं. त्याच्या हिशेबात पाच भाषांवरून बनवलेला सावली-शब्द नेहमीचा, आणि पीचा खरा शब्द म्हणजे चूक. आणि चूक आढळली की ती सौम्यपणे सुधारायची, असं आम्हीच शिकवलेलं. यंत्र म्हणालं, "हा शब्द बरोबर नाही. तुम्हाला असं म्हणायचंय का?" पीनं पुन्हा सांगितलं. यंत्रानं पुन्हा सुधारलं. असं चार वेळा.

आणि आवाज सिलनेमताईचा.

"तिला वाटलं मी आतल्या खोलीत बसून बोलते," सिलनेमताई म्हणाली. "मी तिला सांगते, तुला बोलता येत नाही. मला बोलायला तिनंच शिकवलं. चार वेळा ऐकलं आणि उठून घरी गेली. त्याला आठ महिने झाले. माझ्याशी बोलत नाही. आता कुणाशीच बोलत नाही."

मी टॅब्लेटच्या पिशवीची चेन लावली.

दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात मायलेकींचं भांडण झालं. सिलनेमताईनं सांगून टाकलं होतं की ती सही करणार नाही. दामरिस मुद्दाम हिंदीत बोलत होती, मला कळावं म्हणून; आईला हाक तेवढी त्यांच्या भाषेतली, नू.

"नू, तू सही केली नाहीस तर उद्या माझ्या दवाखान्यात काय होईल? डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, त्याला आपली भाषा येत नाही. तापानं फणफणलेलं मूल घेऊन कुणी आलं तर मी तुझा स्वाभिमान पाजू का त्याला?"

"तू आहेस ना. तू बोल त्यांच्याशी."

"मी?" दामरिस हसली, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "मी सहाव्या वर्षापासून इंफाळच्या वसतिगृहात. तिथे मैतेई आणि इंग्रजी. तू इथे दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होतीस. मी परत आले तेव्हा मला धड जेवण मागता येत नव्हतं. मला ही भाषा कुणी शिकवली माहितेय? यानं." तिनं कॉलरवरचं यंत्र ओढून टेबलावर ठेवलं. "दोन वर्षं रोज याच्याशी बोलले. तुझा आवाज होता म्हणून बोलले. आज ही बाई पुण्याहून येऊन सांगते की त्यातलं बरंच खोटं आहे. मग मी काय बोलते, नू? माझ्या तोंडात कुणाची भाषा आहे?"

सिलनेमताई चुलीपुढे बसून लाकडं पुढे-मागे करू लागली. मग म्हणाली, "म्हणूनच सही करणार नाही. तुला मी द्यायला हवी होती ती गोष्ट मशीननं दिली, आणि अर्धी देऊन पूर्ण म्हणाली. चूक माझी आहे. पण सही केली तर मी पुन्हा तीच चूक करते, तीही माहीत असताना."

संध्याकाळी मी जयकरला फोन लावला. तो चिडला नाही. तो कधीच चिडत नाही.

"त्यांना नीट समजाव," तो म्हणाला. "सही नसेल तर आपण कोइरेंग स्वतंत्र ठेवणारच नाही. त्या सहाही भाषांचा एक समूह-आवाज तयार आहे. सगळ्यांची सरासरी. सगळ्यांना थोडं थोडं कळतं. मग त्यांची भाषा यादीतूनच जाईल. हे हवंय का त्यांना?"

फोनचा स्पीकर चालू होता. सिलनेमताईनं फोन माझ्या हातातून घेतला.

"जयकर सर, तुमच्या यादीत आम्ही सहा वर्षं आहोत," ती म्हणाली. "त्याआधी सरकारी यादी होती. लोक आम्हाला कधी याच्यात धरायचे, कधी त्याच्यात. वेगळी जमात म्हणून नाव लागायला दोन हजार तीन साल उजाडलं, तेव्हा मी शाळेत शिकत होते. तोवर आम्ही कोण होतो? हेच होतो. घाला सरासरीत. आम्ही उत्तर देणार नाही."

आणि तिनं फोन बंद करून माझ्या हातात दिला.

त्या दिवशी मी परत निघाले असते तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण यंत्राच्या कोठारात प्रत्येक शब्दाच्या मागे एक खूण असते, हा शब्द कुठून आला याची. माणसाच्या तोंडून, की सावली. ती खूण बाहेर कुणाला दाखवायची नसते, नोकरीच्या करारातच तसं लिहिलेलं. मी संगणक उघडला आणि सावल्यांची अख्खी यादी उतरवून घेतली. सात हजार नऊशे शब्द.

"हे तुमचे नसलेले शब्द," मी सकाळी सिलनेमताईला म्हटलं. "तुम्ही तपासा."

"मी एकटी कशी तपासू? माझ्यापेक्षा जास्त जिला येतं ती गप्प बसलीय."

आम्ही तिघी पीच्या घरी गेलो. पी ओट्यावर उन्हात बसली होती, मांडीवर सुपात तीळ. सिलनेमताईला बघून तिनं मान वळवली. सिलनेमताई तिच्यासमोर जमिनीवर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि तिनं स्वतःचा तळवा स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. मग दामरिसला खूण केली.

दामरिसनं यंत्र चालू करून पीच्या सुपात, तिळांवर ठेवलं आणि त्याला काहीतरी विचारलं. सिलनेमताईचा आवाज बोलू लागला. सिलनेमताईचं तोंड बंद. आवाज सुपातून येत होता.

पीनं आधी सुपाकडे बघितलं, मग तिच्या दाबलेल्या तोंडाकडे. तिनं पुढे वाकून सिलनेमताईचा हात बाजूला केला आणि दोन बोटांनी तिचे ओठ चाचपले. यंत्र बोलतच होतं. पीनं ते उचललं, उलटंपालटं केलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. दामरिसनं मला कानात सांगितलं, पी यंत्राला विचारते आहे, "तुझं तोंड कुठंय?"

यंत्र म्हणालं, "हे वाक्य बरोबर नाही."

त्यावर पी जे बोलायला लागली ते थांबेचना. दामरिसला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं, ती नुसतीच "शिव्या आहेत, बहुतेक शिव्या आहेत" म्हणत होती, आणि सिलनेमताई पीच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. तीळ सगळे सांडले.

पुढचे अकरा दिवस गावच्या चर्चच्या सभागृहात आम्ही ती यादी ऐकली. सकाळची जेवणं उरकून लोक यायचे आणि उन्हं कलेपर्यंत बसायचे. एकेक शब्द मी यंत्रातून वाजवायची, पी आणि चार-पाच म्हातारी माणसं निकाल द्यायची. आमचा. आमचा नाही. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या डोंगरावरून आयमोल गावचे थोलुंग मास्तर आले, आणि मग खरी मजा सुरू झाली.

"थांबा, थांबा," ते बाकावरून उठून ओरडायचे, "हा आमचा शब्द आहे! नुसतं तोंड वाकडं केलंय त्याचं!"

कोम लोकही आले. एक कोम बाई एक शब्द ऐकून इतकी हसली की तिला बाहेर नेऊन पाणी द्यावं लागलं. त्यांच्याकडे तो म्हणे डुकराच्या शेपटीला वापरतात. आमच्या यंत्रानं तो कोइरेंग शाळेत 'परिशिष्ट' म्हणून दिला होता.

सगळे शब्द काही टाकले नाहीत. दीड हजारांच्या आसपास अचूक निघाले. काहींवर वाद झाले. रक्तदाबासाठी यंत्रानं एक शब्द बनवला होता. तसा शब्द कुणाकडेच नव्हता, आणि दामरिस तो रोज वापरायची. तो वाजला तेव्हा ती खाली मान घालून बसली. पीनं तो दोनदा म्हणून बघितला.

"हा बरा आहे," पी म्हणाली. "पोरीनं वापरलाय. राहू दे."

दामरिसनं वर बघितलं. मग ती उठून पीच्या शेजारी जाऊन बसली, आणि उरलेले दिवस तिथेच बसली.

शेवटच्या दिवशी सिलनेमताईनं मला सांगितलं, "यातलं तुला काही लिहायचं असेल तर लिही. आमचे शब्द लिहू नकोस. लिहिलेलं सगळं मशीन वाचते." म्हणून पी आणि नू सोडले तर या गोष्टीत एकही कोइरेंग शब्द नाही.

तीस दिवसांनी तिचा आवाज पुसला गेला. मला त्याआधीच कामावरून काढलं होतं, यादी बाहेर नेल्याबद्दल. मी भांडले नाही, नेली होतीच. दवाखान्यात त्यानंतरचे महिने वाईट गेले. दामरिसच्या फोनवरून कळायचं. लांबच्या गावातला एक म्हातारा पोटदुखी घेऊन आला, त्याचं बोलणं तिला समजलं नाही, आणि त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात पोचवेपर्यंत आतडं फुटलं. तो वाचला, पण दामरिस दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पीला खुर्चीत बसवून दवाखान्यात आणलं आणि पेशंटच्या बाकाशेजारी ठेवलं. तेव्हापासून पी रोज तिथे. पेशंट आधी पीशी बोलतो, पी दामरिसला समजावते, आणि दामरिसला नाही समजलं तर पी ओरडते.

जयकरचा समूह-आवाज मात्र सुरूच झाला नाही. तो चालवायला उरलेल्या पाचही भाषांच्या माणसांची संमती लागत होती. कोमची मुदत चार महिन्यांनी संपली, आयमोलची पाचव्या महिन्यात. कोमचा आवाज देणाऱ्या बाईनं सही केली नाही. आयमोलचा आवाज थोलुंग मास्तरांच्या भाच्याचा होता, त्यानंही नाही. पाठोपाठ पुरुम आणि खरम. जयकरनं नवीन आवाज शोधायला माणसं पाठवली. माणसं लाल चहा पिऊन परत आली.

आठव्या महिन्यात जयकरचा मला फोन आला. "त्यांना काय हवंय, एवढंच विचारून ये."

सिलनेमताईला काय हवंय ते तिनं मला एका श्वासात सांगितलं. जो शब्द जिवंत माणसानं दिला तेवढाच यंत्रानं बोलायचा. माणसाला सुधारायचं नाही. जे येत नाही तिथे 'मला माहीत नाही, कुणाला तरी विचारा' असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. जयकर म्हणाला, असं यंत्र दर दोन वाक्यांमागे हात वर करेल, कोण वापरेल? मी म्हटलं, हे तूच येऊन सांग त्यांना. दोन आठवड्यांनी त्यानं अट मान्य केल्याचं पत्र पाठवलं.

मी ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन गेले. सगळ्यांनी ठरवलं होतं की पहिलं वाक्य तेच असावं, माहीत नसल्याचं, आणि ते गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसानं म्हणावं. पीसमोर माईक ठेवला. दामरिसनं तिला वाक्य समजावून सांगितलं.

पीनं माईक हातानं बाजूला सारला.

"मी नाही म्हणणार," ती म्हणाली. "मला माहीत आहे. मी कशाला माहीत नाही म्हणू?"

चर्चचं सभागृह हसण्यानं दणाणलं. सिलनेमताईनं खूप समजावलं. पी ऐकेना. एक्याण्णव वर्षं झाली, आता ब्याण्णवावं, आणि खोटं बोलायला सांगता?

"मी म्हणते," दामरिस म्हणाली. हसणं थांबलं. "मी म्हटलं तर ते खरं होईल."

ती माईकपुढे बसली. सिलनेमताई तिच्याकडे बघत होती. दामरिसनं वाक्य म्हटलं. पीनं काठी आपटली: सूर चुकला, शेवट खाली जायला हवा. दामरिसनं पुन्हा म्हटलं. पुन्हा काठी. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून घेतले आणि सावकाश म्हटलं, आणि या वेळी काठी आपटली नाही.

"झालं?" दामरिसनं विचारलं.

"हे झालं," पी म्हणाली. "आता पुढचं विचार."